एनएस-३ या नेटवर्क सिम्युलेटरमध्ये १ टक्का पॅकेट लॉस ठेवला, तरी एकही पॅकेट पोचत नाही

प्रश्न: कोथरूड आणि हिंजवडी असे दोन नोड, मध्ये पॉइंट-टू-पॉइंट लिंक. हिंजवडीच्या डिव्हाइसवर रेट एरर मॉडेल (ठरावीक दराने पॅकेट मुद्दाम पाडणारं), रेट ०.०१. यूडीपी पेलोड (पॅकेटमधला मूळ डेटा) १०२४ बाइट. १०,००० पाठवली, पोचलं शून्य. रेट ० केला की सगळी पोचतात. कुठे चुकतंय?

उत्तर १: एरर युनिट बघा, म्हणजे रेट बाइटमागे धरायचा की पॅकेटमागे. ते दिलं नाही तर एनएस-३ बाइट धरतं, म्हणजे ०.०१ ही प्रत्येक बाइट बिघडण्याची शक्यता झाली, आणि एक बाइट बिघडला तरी अख्खं पॅकेट पडतं. हेडरचे बाइट, म्हणजे यूडीपीचे ८, आयपीचे २० आणि पीपीपीचे (पॉइंट-टू-पॉइंट प्रोटोकॉल) २ धरून पॅकेट १०५४ बाइटचं. ०.९९ चा १०५४ वा घात काढा, लाखात दोन-तीनच वाचतात! युनिट पॅकेट करा. बाइटच हवं असेल तर रेट साधारण ०.०००००९५ ठेवा.

उत्तर २: बरोबर. पण मग नेमकी १०० पडतील असं धरू नका, ८० ते १२० अगदी नॉर्मल. सीड (रँडम आकड्यांची सुरुवात ठरवणारा आकडा) तोच ठेवून रन नंबर १ ते ३० बदला, म्हणजे दर वेळी वेगळे रँडम आकडे मिळतील, आणि सरासरी घ्या. मोजणी रिसीव्ह बाजूच्या फिजिकल ड्रॉप ट्रेसवर (पडलेल्या पॅकेटची नोंद) करा. रांग भरल्यामुळे पडलेली तिथे येत नाहीत, ती क्यूच्या ट्रेसमध्ये दिसतात.

प्रश्नकर्ता: युनिट बदललं, ९,८९३ पोचली. उलट दिशेला मात्र लॉस शून्यच?

उत्तर १: मॉडेल घेणाऱ्या डिव्हाइसवर चालतं. कोथरूडच्या डिव्हाइसवरही लावा.