मदत हवी आहे: फलकावर ‘सासवांचा सत्कार’ की ‘सासूंचा’?

अखाजीनंतर (म्हणजे अक्षय्य तृतीयेनंतर) आम्ही पाच जावा मिळून अमळनेरला घरातल्या सासवांचा सत्कार करतोय. त्यात माझ्या सासूबाई, दोन चुलतसासवा आणि नव्वदीच्या आजेसासू आहेत. कळण्याची भाकरी अजून स्वतःच्या हाताने थापतात त्या!

फलकावर ‘आमच्या सासवांचा सत्कार’ लिहून दिलं, तर छापणाऱ्याने ‘सासूंचा’ करून नमुना पाठवला. तो म्हणतो, ‘सासवा’ ऐकायला भांडणातलं वाटतं. सासू-सासवा, जाऊ-जावा, ऊ-उवा हा नियम व्याकरणाच्या पुस्तकात बघितला, म्हणजे अनेकवचन ‘सासवा’ बरोबर आहे. पण ‘वस्तू’, ‘बाजू’ बदलत नाहीत, म्हणून ‘सासूंचा’सुद्धा कानाला खटकत नाही. एकवचनातही तसंच, मी ‘सासूला’ म्हणते, आजेसासू ‘सासवेला’ म्हणतात.

‘सासूबाईंचा’ सुचवू नका. आदरार्थी असल्यामुळे एकीचाच सत्कार वाटतो. ‘आई’ही चालणार नाही. मी आई म्हणते, थोरल्या जाऊबाई आत्याबाई म्हणतात, त्यामुळे सगळ्यांना लागू होईल असं नातंच लिहायचंय. अहिराणीतही नको, पाहुणे पुण्याचेही आहेत. गुरुवारी छपाई आहे.

मला एवढंच सांगा, विशेषतः जळगाव-धुळ्याकडच्या बायांनी: सन्मानाच्या फलकावर ‘सासवांचा’ वाचून तुमच्या घरातल्या म्हाताऱ्या माणसाला कमीपणा वाटेल का? आणि ‘सासूंचा’ लिहिलं तर ते चूकच धरायचं, की आता दोन्ही रूपं चालतात?