मदत हवी आहे: आजारपणावरची विनोदी कादंबरी, पण हसायचं कुणी?

नमस्कार मंडळी,

एक कादंबरी लिहिते आहे, पहिला खर्डा निम्म्याच्या पुढे गेलाय. वडिलांना पक्षाघात होतो आणि त्यानंतर घराचं काय होतं, एवढाच विषय. आमच्या घरी हे घडून गेलंय. त्या दिवसांत आम्ही पोट धरधरून हसलोही आहोत, त्यामुळे नुसती रडकी कादंबरी लिहिली तर ती खोटी होईल.

कादंबरीतल्या अण्णांना वाचाघात आहे. समजतं बरंचसं, पण हवा तो शब्द तोंडावर येत नाही. या आजारात ठरवून बोलणं गेलं तरी ओळीने आकडे म्हणणं, गाणं, शिव्या हे बऱ्याचदा शाबूत राहतं. कधी एकच शब्द जिभेवर अडकून बसतो. माझा प्रसंग त्यावरच आहे. थेरपिस्ट चित्रांची कार्डं दाखवते. पहिलं चमच्याचं. अण्णा म्हणतात, "चमचा." सगळे खूश. पुढचं घड्याळ. "चमचा." मग गाय. "चमचा." चुकतंय हे त्यांना कळतंय, ते जोरजोरात मान हलवतात, पुन्हा ओठ जुळवतात, पुन्हा चमचाच. आणि मग एक खणखणीत शिवी. थेरपिस्ट शांतपणे म्हणते, "उच्चार अगदी स्पष्ट आहे, अण्णा."

हे दोन मैत्रिणींना वाचायला दिलं. एक खूप हसली. दुसरीच्या घरी असा पेशंट आहे, तिने तिथेच वाचणं थांबवलं. मला दोघींचंही पटतं, म्हणून इथे विचारतेय.

नोरा एफ्रनच्या 'हार्टबर्न'मध्ये (१९८३) सात महिन्यांची गरोदर नायिका नवऱ्याच्या प्रकरणाची गोष्ट स्वतःच सांगते. दुःख तिचं, विनोदही तिचा. जोसेफ हेलरने स्वतःच्या लकव्यावर (पक्षाघाताच्या नव्हे, गिलन-बारे या मज्जातंतूंच्या आजाराने आलेल्या) मित्रासोबत पुस्तक लिहिलं (१९८६), त्यात एक प्रकरण रुग्णाचं, एक मित्राचं अशी मांडणी आहे. ती कादंबरी नव्हे, पण रचना मला फार आवडते. माझ्याकडे निवेदक मुलगी आहे आणि ज्याच्यावर बेतलंय तो माणूस उलट उत्तर देऊ शकत नाही. अडचण नेमकी हीच.

मधली काही प्रकरणं अण्णांच्या मनातून लिहावीत का? पण वाचाघातात कित्येकदा मनातली भाषाही विस्कटते. ते आतून घडाघडा बोलताना दाखवले तर आजार फारच सोपा करून टाकल्यासारखं होईल. तुटक भाषेत लिहिलं तर वाचक किती पानं टिकेल?

दुसरं, पक्षाघातानंतर साधारण एक-तृतीयांश रुग्णांना नैराश्य येतं. अण्णांनाही येतं, उत्तरार्धात ते हसणं सोडतात. तिथे निवेदनातला विनोदही थांबवावा, की तो आईकडे सोपवावा? माझा कल आईकडे आहे, कारण रात्री कूस बदलून द्यायला उठणारी तीच आहे आणि तिची जीभ तिखट आहे.

घरी असं आजारपण काढलेल्यांनी आवर्जून लिहा. चमच्याचा प्रसंग ठेवू की काढू, एवढं सांगितलंत तरी चालेल.