अलर्ट पट्टीवर वेळेत कसा आणायचा? मदत हवी, अर्जंट

धरमपेठी_भाऊ:
आमच्याकडं हवामानाचा इशारा व्हॉट्सॲप ग्रुपवर येतो, कागदाचा फोटो, तोही वाकडा. पोरगा झूम करून टाइप करत बसतो. परवा बाहेर कडक ऊन अन् पट्टी सुरूच, 'पुढील ३ तासांत विजांसह मुसळधार', रात्रीचीच होती, कोणी काढलीच नाही, लोक हसून राहिले. २३ सप्टेंबर २०२३ ला पहाटे नागपुरात अंबाझरी तलावाकडचं पाणी घरात घुसलं तेव्हापासून फोन येतात, तुम्ही काहून सांगत नाही म्हणून. आपोआप यायची सोय आहे का?

संत्रावाला:
दामिनी ॲप टाका ना जी, वीज जवळपास असली की सांगते. पुण्याच्या आयआयटीएमचं, हवामान संशोधन संस्थेचं आहे. मामा वावरात असले की तेच पाहतात.

कोराडीकर:
पट्टी कशाची? यूट्यूब की काय?

धरमपेठी_भाऊ:
केबलचं लोकल चॅनल. अजून कशाची राहील?

जुना_श्रोता:
पाणी शिरलं की लाइट जाते, मग पट्टी पाहते कोण? आकाशवाणी अन् सेलवाला ट्रान्झिस्टर.

कोराडीकर:
काका, सेल असतात का घरात? सेल ब्रॉडकास्टची, म्हणजे टॉवरवरून सगळ्या फोनांना एकदम इशारा पाठवायची, टेस्ट आठवते ना २०२३ ची, फोन भोंग्यासारखा वाजला होता. नेटही लागत नाही त्याला.

जुना_श्रोता:
माझ्या साध्या फोनवर नाही वाजला.

खटपट्या:
मुद्द्यावर या. एनडीएमएचं, म्हणजे राष्ट्रीय आपत्ती व्यवस्थापन प्राधिकरणाचं 'सचेत' पोर्टल आहे, त्यावर अलर्टची आरएसएस फीड मिळते, म्हणजे सॉफ्टवेअरला आपोआप वाचता येणारी यादी. कॅप फॉरमॅटमध्ये, म्हणजे अलर्ट लिहायच्या ठरलेल्या साच्यात, प्रत्येक अलर्टला संपायची वेळ दिलेली असते, 'एक्स्पायर्स' म्हणून. पट्टीच्या सॉफ्टवेअरला ती वाचायला लावा, टाइम झाला की ओळ आपोआप गायब. तुमची उन्हातली मुसळधार तिथंच संपली असती. फक्त नागपूर जिल्हा गाळून घ्या, नाही तर कोकणातलंही दाखवत बसाल. सॉफ्टवेअर कोणतं आहे?

शहानिशा:
डोळे मिटून सोडू नका बाप्पा. आधी १०७७ वर जिल्हा नियंत्रण कक्षाला विचारा, मग दाखवा.

खटपट्या:
सरकारीच फीड आहे, तिची काय शहानिशा? तीन तासांच्या इशाऱ्यातला अर्धा तास फोनवरच जाईल.

शहानिशा:
अन् भलतीच ओळ गेली तर शिव्या कोण खाईल, तुम्ही? रात्री ड्यूटीवर एक माणूस ठेवा, तो पाहील.

धरमपेठी_भाऊ:
रात्री कोणीच नसते. पोरगा ११ ला कॉम्प्युटर बंद करून जातो, पट्टी दुसऱ्या मशीनवरून रिपीट चालते.

खटपट्या:
हे आता सांगून राहिले?