८ वर्षांचा मुलगा, ३४ किलो वजन: घरात नेमकं काय बदलायचं?

फोंडेकर_पालक
मुलगा ८ वर्षं पूर्ण, उंची १२८ सेंमी, वजन ३४ किलो. शाळेच्या तपासणीत "वजन जास्त" असा शेरा आलाय. दिवसाचा क्रम जसा आहे तसा लिहितो.

सकाळी पावणेसातला ग्लासभर दूध, त्यात २ चमचे चॉकलेटची पावडर आणि २ चमचे साखर. शाळेत घरचा डबा (चपाती-जॅम किंवा पाव-भाजी), शिवाय शाळेत मिळणारं मध्यान्ह भोजन. पावणेदोनला घरी. शीत-कडी (भात आणि आमटी), तळलेलं मासळीचं तुकडं. आजी भरवते, समोर मोबाइल. अडीच ते साडेचार झोप. पाचला पुन्हा तसंच दूध, पोदेराकडचे (पाववाल्याकडचे) २ पाव, ४ क्रीमची बिस्किटं. सातपर्यंत शिकवणी, मग टीव्हीसमोर फरसाण. साडेनऊला जेवण, अकराला झोप.

आजी म्हणते, "बाळसं आहे, उंची वाढली की आपसूक उतरेल." खरंच काळजीचं आहे का? भात बंद करावा का? बिस्किटांचा डबा कुलपात ठेवून पाहिला, तर तो शेजारी जाऊन मागून खातो. आम्ही दोघंही नोकरीला पणजीला असतो, त्यामुळे दिवसभर लक्ष ठेवणं शक्य नाही.

वाढीचा_तक्ता
आधी आकडा नीट समजून घेऊ. वजन भागिले मीटरमधल्या उंचीचा वर्ग म्हणजे बीएमआय, उंचीच्या मानाने वजन किती ते सांगणारा आकडा. ३४ भागिले १.२८ चा वर्ग म्हणजे २०.८. मोठ्यांसाठीचे २३-२५ चे आकडे इथे लावायचे नाहीत, मुलांत वयाप्रमाणे रेषा बदलते. जागतिक आरोग्य संघटनेच्या तक्त्यात ८ वर्षांच्या मुलग्याचा मधला आकडा १५.७, "वजन जास्त"ची रेषा १७.४ आणि लठ्ठपणाची १९.७. म्हणजे तो दुसरी रेषा ओलांडून गेलाय. काळजी घ्यायची वेळ आहे, घाबरायची नाही. आपल्याकडचे बहुतेक बालरोगतज्ज्ञ इंडियन अ‍ॅकॅडमी ऑफ पेडियाट्रिक्सचे २०१५ चे तक्ते वापरतात, तिथे रेषा भारतीय मुलांसाठी वेगळ्या आखल्या आहेत. भारतीय मुलांत दिसायला बारीक असतानाही चरबीचं प्रमाण जास्त असतं, म्हणून. पुण्याच्या डॉ. चित्तरंजन याज्ञिकांनी हे अगदी नवजात बाळांतसुद्धा दाखवून दिलंय.

आता चांगली बातमी. या वयात वर्षाला साधारण ५-६ सेंमी उंची वाढते. वर्षभर वजन ३४ वरच थांबलं आणि उंची १३३.५ झाली, तर बीएमआय १९.१ होतो. ९ वर्षांच्या मुलग्यासाठी लठ्ठपणाची रेषा २०.५ आहे. म्हणजे एक किलोही न उतरवता तो त्या रेषेच्या खाली येतो. आजीच्या म्हणण्यात तेवढं तथ्य आहे, फक्त "आपसूक" हा शब्द चुकीचा. घरातलं काहीच बदललं नाही तर उंचीसोबत वजनही वाढतच राहतं.

मोजताना चूक होते ती अशी: बूट, जाड गणवेश, दर वेळी वेगळा काटा. भिंतीला टाच, ढुंगण, पाठ आणि डोक्याची मागची बाजू टेकवून उभं करा, डोक्यावर पुठ्ठ्याचं पुस्तक काटकोनात ठेवून खूण करा. महिन्यातून एकदाच मोजा. भावंडांसमोर नको, मोठ्याने आकडा वाचायचा नाही. कमरेचा घेर बेंबीजवळ मोजा. तो उंचीच्या निम्म्याहून कमी हवा, म्हणजे तुमच्या मुलाचा ६४ सेंमीच्या आत.

डॉक्टरांकडे लवकर जायचं ते कधी? मानेवर, काखेत काळसर मखमली पट्टे दिसू लागले (मळ समजून घासत बसू नका), रात्री घोरताना श्वास अडकत असेल, किंवा वजन वाढतंय पण उंची खुंटलीय. जास्त खाण्याने जाड झालेलं मूल सहसा वयाच्या मानाने उंच असतं. बुटकं आणि जाड असेल तर थायरॉइड आणि इतर हार्मोन तपासावेच लागतात.

बालआहार_सल्लागार
भात बंद करू नका. तुमच्या यादीत भात हा सगळ्यात कमी त्रासाचा पदार्थ आहे.

आधी दूध बघा. दोन वेळा २-२ चमचे म्हणजे नुसत्या वरच्या साखरेचे २० ग्रॅम. पावडरमधली साखर वेगळी, डब्यामागे "अ‍ॅडेड शुगर"ची ओळ वाचा. चार क्रीम बिस्किटांत अजून सुमारे ३ चमचे. २ ते १८ वयाच्या मुलांना वरून घातलेली साखर दिवसाला २५ ग्रॅमच्या आत असावी, हे अमेरिकन हार्ट असोसिएशनचं माप. ते तुमच्याकडे दूध आणि बिस्किटांतच ओलांडलं जातं. एकदम बंद केलंत तर तो दूधच सोडेल. आठवड्याला अर्धा चमचा कमी करा: पहिल्या आठवड्यात साखर दीड, मग एक, मग अर्धा. साखर शून्यावर आली की पावडर तशीच उतरवा. दोन महिन्यांत जीभ बदलते. दिवसाला दूध ४०० मिलीच्या वर नको, त्याहून जास्त प्यायलं की जेवणाची भूकच मरते.

दुसरी गोष्ट बहुतेक पालकांच्या लक्षातच येत नाही: तुमचा मुलगा दुपारी दोनदा जेवतो. पहिली ते पाचवीच्या मध्यान्ह भोजनाचं सरकारी माप ४५० कॅलरी आणि १२ ग्रॅम प्रथिनं आहे. ७ ते ९ वर्षांच्या मुलाची दिवसाची गरज सुमारे १७०० कॅलरी, म्हणजे चौथ्या हिश्श्याहून जास्त शाळेतच झालं. त्यावर घरचा डबा, त्यावर पावणेदोनला पोटभर शीत-कडी. शाळेत जेवतो त्या दिवशी डब्यात फक्त फळ द्या किंवा मूठभर भाजलेले चणे-शेंगदाणे. घरी आल्यावर जेवण असू द्या, पण भात एक वाटी, मासळीचं हुमण (कालवण), आणि ताटात भाजी किंवा तोणाक (कडधान्याची रस्साभाजी) हवंच. तळलेल्या तुकडीऐवजी चार दिवस हुमणातली मासळी, दोन दिवस तव्यावर कमी तेलात.

आता मूळ मुद्दा. मुलाच्या खाण्यात आई-बाबांचं काम कुठे संपतं आणि मुलाचं कुठे सुरू होतं? एलिन सॅटर या अमेरिकन आहारतज्ज्ञांनी याची फार चांगली वाटणी करून दिलीय: काय, कधी आणि कुठे खायचं हे मोठ्यांनी ठरवायचं, खायचं की नाही आणि किती, हे मुलाने. आपल्याकडे बरोबर उलटं होतं. काय हवं ते मूल ठरवतं (बिस्किट, जॅम, फरसाण) आणि किती ते आपण ("एवढा घास संपव"). मुलाला जन्मतः पोट भरल्याचं कळतं. "ताटात टाकायचं नाही" म्हणत रोज दोन घास जास्त गेले की ती जाणीव बोथट होते. टाकणं पटत नसेल तर कमी वाढा, पुन्हा मागायची मुभा द्या. त्याहून बरं म्हणजे त्याच्याच हाती लहान डाव द्या. २००३ साली अमेरिकेत झालेल्या एका अभ्यासात मुलांसमोरचा मुख्य पदार्थ दुप्पट वाढला तेव्हा त्यांनी तो सुमारे २५ टक्के जास्त खाल्ला. स्वतः वाढून घेतलं तेव्हा तसं झालं नाही.

कुलपाचंही तेच. जेनिफर फिशर आणि लीन बर्च यांनी १९९९ मध्ये दाखवलं की समोर दिसणारा पण मनाई असलेला खाऊ मुलांना जास्तच हवासा होतो. कुलूप म्हणजे रोजची आठवण. बिस्किटं घरात आणूच नका. तुमच्यासाठीसुद्धा नाही, चहासोबत तुम्ही खाणार आणि त्याला नाही हे चालत नाही. आठवड्यातला एक दिवस ठरवा, त्या दिवशी बाहेरून एक छोटा पुडा, सगळ्यांनी मिळून, जेवणाच्या टेबलावर. अपराधी वाटू न देता. आणि "भाजी खाल्लीस तर आइस्क्रीम" हे आजपासून बंद. त्यातून मूल एवढंच शिकतं की भाजी ही शिक्षा आणि आइस्क्रीम हे बक्षीस.

मैदान_शिक्षक
शाळेतला पीटीचा तास पुरत नाही. ५ ते १७ वयाला रोज ६० मिनिटं दम लागेल अशी हालचाल हवी. सलग असायची गरज नाही. जाड मुलाला सुरुवातीला २० मिनिटांचे तीन तुकडे बरे. जून ते सप्टेंबर पावसात सगळं बुडतं, तेव्हा बाल्कनीत दोरीउड्या (३० उड्या, एक मिनिट थांबा, असे १० फेरे), लंगडी, जिने. कापणी झाल्यावर शेतात फुटबॉल सुरू होतो तिथे पाठवा, पण "वजन उतरव" म्हणून नाही. जाड मुलाला हमखास गोलकीपर करतात आणि तो तासभर उभाच राहतो. तेवढं प्रशिक्षकाच्या कानावर घाला.

झोपेचा हिशेब बघा. तो सव्वासहाला उठतो असं धरलं तर रात्री ११ पासून सव्वासात तास होतात. ६ ते १२ वयाला २४ तासांत ९ ते १२ लागतात. तुम्ही ती तूट दुपारी भरताय, आणि दोन तास झोपल्यामुळे रात्री त्याला झोपच येत नाही. दुपारची ४० मिनिटांवर आणा, साडेतीनच्या आत उठवा. रात्रीचं जेवण आठला, झोप साडेनऊला. अपुऱ्या झोपेच्या मुलाला संध्याकाळी गोड-तेलकटाचीच भूक लागते. तुमचं फरसाण बहुतेक तिथूनच आलंय.

फोंडेकर_पालक
सगळ्यांचे आभार. दूध आणि डबा उद्यापासूनच. दोन अडचणी आहेत. मोबाइल काढला की तो चार घासांत ताटावरून उठतो. आणि आजीला कसं सांगायचं? तिला वाटतं आपण तिच्या भरवण्यालाच दोष देतोय.

अंगणवाडी_ताई
आजीला "देऊ नका" म्हणू नका, "हे द्या" म्हणा. नातवाला आपल्या हातून काहीतरी मिळावं एवढीच तिची इच्छा असते. पाचच्या खाऊची सगळी जबाबदारी तिच्यावर सोपवा, पण यादी ठरवून: मोडाच्या मुगाची उसळ एक वाटी, उकडलेलं अंडं, पपईच्या किंवा पेरूच्या फोडी, नाचणीचं तिझान (गोड पेज). तिझानात मात्र गूळ एका वाटीला एक चमचाच. गुळाची साखर ही साखरच, "पौष्टिक" म्हणून चार चमचे जातात ते चालायचं नाही. मासळीचे काटे काढून द्यायचं काम तिचंच राहू दे, घास मात्र तो स्वतः घेईल. आणि "बाळसं" हा शब्द तिच्याशी वाद घालून खोडू नका. डॉक्टरांकडे जाताना तिला सोबत न्या, तक्त्यावरची रेषा तिला स्वतःला बघू द्या. घरात कुणीही "जाड्या", "ढोल्या" म्हणायचं नाही, लाडानेसुद्धा. पाहुण्यांनाही तिथल्या तिथे थांबवा.

बालआहार_सल्लागार
मोबाइलबद्दल. तिन्ही वेळचा एकदम काढू नका, रात्रीच्या जेवणापासून सुरुवात करा, कारण तेव्हा तुम्ही दोघं घरी असता. सगळ्यांचे फोन दुसऱ्या खोलीत, टीव्ही बंद, २० मिनिटं एकत्र बसायचं. पोट भरल्याचं मेंदूपर्यंत पोचायला साधारण तेवढा वेळ लागतोच. तो चार घासांत उठला तर उठू द्या. शांतपणे एवढंच सांगा: "आता पुढचं खाणं सकाळी."

सगळं बिघडतं ते यानंतर. दहा वाजता कुणाला तरी दया येते, "उपाशी झोपेल" म्हणून दूध-बिस्किट पुढे येतं, आणि जेवण टाळलं की गोड मिळतं हा धडा एका रात्रीत पक्का होतो. ८ वर्षांच्या धडधाकट मुलाला एक जेवण कमी झाल्याने काही होत नाही (मधुमेहाचं किंवा दुसरं औषध चालू असेल तर आधी डॉक्टरांना विचारा). साधारण चार-पाच दिवस कुरकुर होईल. आठवड्यानंतर दुपारच्या जेवणाचा मोबाइल काढा. दोन खाण्यांत अडीच-तीन तासांचं अंतर, मध्ये फक्त पाणी. नवी भाजी पहिल्यांदा नाकारली म्हणून सोडू नका. चमचाभरच, आग्रह न करता, दहा-पंधरा वेळा ताटात दिसली की बहुतेक मुलं चाखून बघतात.

फोंडेकर_पालक
हे लिहून फ्रिजवर लावलंय. शेवटचं एकच: पोदेर सायकलवरून पों-पों करत आला की तो धावत गेटवर जातो, तेवढ्यासाठी तरी पाव ठेवता येईल का? आणि चवथीला (गणेश चतुर्थीला) काय करायचं?

बालआहार_सल्लागार
पाव ठेवा. दोनाचा एक करा, जॅमऐवजी उसळ किंवा अंड्यासोबत द्या. पोयी (कोंड्याचा पाव) घेत असाल तर पोदेराला एकदा विचारा की पिठात कोंडा किती. पुष्कळदा वरून कोंडा भुरभुरलेला असतो आणि आत मैदाच. पैसे घेऊन गेटवर जायचं काम त्याचंच राहू दे, फक्त एकच पाव आणायचा हे आधी ठरवून.

चवथीच्या दिवशी नेवऱ्या (करंज्या), मोदक, पातोळ्या जेवणात सगळ्यांसोबत खाऊ द्या, मोजू नका. अडचण त्या दिवशी नसते, नंतर पंधरा दिवस टेबलावर पडून असणाऱ्या नेवऱ्यांच्या डब्याची असते. तिसऱ्या दिवशी उरलेल्या नेवऱ्या वाटून टाका किंवा वरच्या फळीवर ठेवा. जत्रेतल्या खाज्याचंही असंच, तिथे उभं राहून खाल्लं ते खाल्लं, घरी किलोभर आणायचं नाही.

वाढीचा_तक्ता
एक राहिलं. शाळेच्या फाटकापासून ५० मीटरच्या आत जास्त साखर, मीठ, चरबीचे पदार्थ विकायला एफएसएसएआयच्या (देशाच्या अन्नसुरक्षा प्राधिकरणाच्या) २०२० च्या नियमांनी मनाई आहे, शाळेच्या कँटीनमध्येही. पालक-शिक्षक संघाच्या पुढच्या बैठकीत लेखी मांडा. आणि पहिली नोंद आजच करा: तारीख, उंची, वजन, कमरेचा घेर. पुढची नोंद बरोबर एका महिन्याने, त्याच काट्यावर.