प्रोटोटाइप : आदर्श, मूळ की अस्सल?

परदेशी छंद-मासिकं वाचून रेल्वेच्या प्रतिकृती करणाऱ्यांना एक शब्द विचारायचा आहे. अमेरिकेतलं ‘मॉडेल रेलरोडर’ १९३४ पासून निघतंय. त्यात पानोपानी ‘प्रोटोटाइप’ भेटतो. मराठीत आपण प्रोटोटाइप म्हणतो तो पहिल्यांदा करून पाहिलेला नमुना, ज्यात पुढे सुधारणा व्हायच्या असतात. इथे अर्थ नेमका उलटा. जिच्यावरून प्रतिकृती करायची ती खरी, धावती रेल्वे म्हणजे प्रोटोटाइप. इंजिन, पूल, सिग्नल, अगदी वेळापत्रकसुद्धा त्यात आलं. ‘नमुना’ म्हणावं तर घोटाळा होतो, कारण ज्यावरून करायचं तोही नमुना आणि करून दाखवलेला तोही नमुनाच. मग काय म्हणावं?

प्रतिसाद १

१९४८ साली सुरू झालेल्या ‘मीबा’ या जर्मन मासिकात याला ‘फोरबिल्ड’ म्हणतात. ‘फोर’ म्हणजे समोर किंवा आधी, ‘बिल्ड’ म्हणजे चित्र. एरवीच्या जर्मनमध्ये हाच शब्द ‘आदर्श’ या अर्थाने चालतो, आणि संस्कृतात आदर्श म्हणजे आरसाही! जोडी सुंदर जमते, पण कामाची नाही. ‘आदर्श स्टेशन’ वाचलं की झाडून-पुसून लख्ख ठेवलेलं स्टेशन डोळ्यांसमोर येतं. प्रतिकृती करणाऱ्याला हवी असते पत्र्यावरची गंज आणि रुळांमधली तेलकट खडी.

प्रतिसाद २

जुन्या कागदपत्रांची भाषा आठवा. मूळ दस्त तो अस्सल, त्यावरून उतरवलेली ती नक्कल, आणि तंतोतंत जुळली तर ‘अस्सलबरहुकूम नक्कल’. शब्द घरातच आहे. खरी रेल्वे ती अस्सल, आणि ही मासिकं ज्याला ‘प्रोटोटिपिकल’ म्हणतात ते अस्सलबरहुकूम.

‘खऱ्यासारखं’ एवढ्यावर का भागत नाही ते सांगतो. स्टँडर्ड गेज हे खऱ्या रेल्वेच्या रुळांचं एक ठरलेलं माप, त्यात रुळांमधलं अंतर १४३५ मिमी. एचओ हे प्रतिकृतींचं एक प्रमाण, १:८७, म्हणजे भागाकार १६.५ मिमी, आणि एचओचे रूळ तेवढ्यावरच असतात. ब्रिटनमध्ये ओओ हे दुसरं प्रमाण जास्त चालतं. तिथे गाडी १:७६.२ ची, रूळ मात्र तेच १६.५ मिमीचे. हिशेबाने १८.८३ हवेत. ब्रिटिश मासिकातला ओओचा फोटो अगदी समोरून घेतलेला असेल तर बघा, इंजिन पाय जवळ घेऊन उभं असल्यासारखं दिसतं. बाजूने तोच फोटो कुणालाही फसवेल. म्हणजे ओओची गाडी अस्सलबरहुकूम असू शकते, तिच्याखालचे रूळ नसतात. हा फरक सांगायला नेमका शब्द लागतोच.

प्रतिसाद ३

आज ‘अस्सल’ ऐकलं की लोकांच्या मनात ‘भेसळ नसलेलं’ येतं. ‘अस्सल इंजिन’ म्हटलं तर बाजारात नकली इंजिनं मिळतात की काय असं वाटेल. नाम म्हणून वापरलात तर चालेल.

जाता जाता ‘वेदरिंग’बद्दल, म्हणजे नव्या प्रतिकृतीला जुनं, वापरलेलं रूप देण्याबद्दल. त्याला कुणी ‘हवामानीकरण’ म्हणू नये ही कळकळीची विनंती. आपल्याकडे ‘रापणे’ आहे. ‘डबा रापवला’ म्हटलं की ऊन, पाऊस, वर्षं सगळं आलं. काळपट तपकिरी रंग खूप पातळ करायचा, डब्याच्या बाजूवर लावायचा आणि ओला असतानाच चपट्या ब्रशने वरून खाली ओढायचा, कारण पावसाचे ओघळ वरून खालीच येतात. आडवा हात फिरला की डबा रापलेला न दिसता मळलेला दिसतो.

मूळ प्रश्नकर्ता

‘रापवणे’ आजपासून माझं. ‘अस्सल’ही नाम म्हणून लावून पाहिलं. “अस्सलात हा पूल तीन कमानींचा आहे, जागेअभावी इथे दोनच घेतल्या.” फोटोखालची ओळ म्हणून छान वाचली जाते. ‘प्रोटोटाइपमध्ये’ लिहिलं असतं तर तीन कमानी आधी करून मग एक काढली असं वाटलं असतं.

आता पुढचा शब्द. देखाव्यामागे लपलेलं जे यार्ड असतं, जिथून गाड्या बाहेर येतात आणि जिथे परत जातात, त्याला ब्रिटिश ‘फिडल यार्ड’ म्हणतात, कारण तिथे हाताने डब्यांची उचलठेव चालते. अमेरिकन ‘स्टेजिंग’ म्हणतात. जर्मन ‘शाटनबानहोफ’, म्हणजे सावलीतलं स्टेशन. मला नाटकातली विंग आठवते. गाडी विंगेत थांबते, वेळ झाली की प्रवेश करते. ‘विंगेतलं यार्ड’ कसं वाटतं?