मदत हवी आहे: आंदोलनानंतर खचलेल्या भावासाठी

नमस्कार मंडळी. आम्ही बीड जिल्ह्यातले. धाकटा भाऊ 9 ऑगस्ट 2016 ला औरंगाबादच्या पहिल्या मराठा मोर्चात होता, तेव्हा कॉलेजात होता. 5 मे 2021 ला सुप्रीम कोर्टाने आरक्षणाचा कायदा रद्द केला, तेव्हापासून पोरगं मिटत गेलं. गमछा खुंटीलाच, धूळ खात. मित्रांचे फोन उचलत नाही. रास्ता रोकोच्या केसची तारीख आली की आदल्या रात्री ताट तसंच सारतो. 'ताई, उगंच ओरडलो आपण,' म्हणतो. ऐकून जीव तुटतो.

मराठवाडा विद्यापीठाला बाबासाहेब आंबेडकरांचं नाव देण्याचा, म्हणजे नामांतराचा, ठराव 27 जुलै 1978 चा, आणि ते नाव जोडून नामविस्तार झाला 14 जानेवारी 1994 ला. मधली पंधरा-सोळा वर्षं ज्यांनी तरुणपणी त्या लढ्यात काढली, त्यांनी सांगा ना, उमेद कशी धरली? माझ्या भावाशी कुणी फोनवर बोलाल का?