अनुभव धागा : घरच्या शाळेत मुलांची पाठ कशी सांभाळली?

मार्च २०२०मध्ये शाळा बंद झाल्या. मुंबईत आठवीपासूनचे वर्ग ४ ऑक्टोबर २०२१ला उघडले, पहिली ते सातवीचे १५ डिसेंबरला. पावणेदोन वर्षं शाळा दिवाणावर आणि जमिनीवर भरली. ऑनलाइन शिकवण्या अजून चालूच आहेत. मुलांना पोक का येतं, काय केलं की फरक पडतो, हे मोजमापासह लिहावं.

फिजिओथेरपिस्ट, दादर
"नीट बस" म्हटलं की मूल दोन मिनिटं ताठ बसतं. मग परत वाकतं, कारण स्क्रीन खालीच असते आणि पाय लोंबकळत असतात. पाय आधी बघा. जेवणाच्या टेबलाची खुर्ची साधारण ४५ सेंमी उंच असते. आठ वर्षांच्या मुलाच्या गुडघ्यामागची खाच जमिनीपासून जेमतेम ३२ सेंमीवर. पाय टेकायला मूल पुढे सरकतं, पाठीचा आधार सुटतो आणि कंबर मागे गोल होते. रद्दीचा १३ सेंमी उंच गठ्ठा सुतळीने घट्ट आवळून पायांखाली द्या. टेबल उंच पडतं म्हणून बुडाखाली उशी घातलीत, तर गठ्ठाही तेवढाच वाढवा. हे हमखास राहून जातं. पाठीमागे चादरीची घडी अशी ठेवा, की बैठकीची कड आणि गुडघ्याची खाच यांत दोन-तीन बोटं जातील. मग मुलाला बाजूने बघा : कान खांद्याच्या रेषेत हवा.

शिक्षिका, भांडुप
दहा बाय दहाच्या खोलीत टेबल-खुर्ची कुठून येणार? जमिनीवर बसवायचं तर बुडाखाली गोधडीची ८-१० सेंमी घडी द्यावी, म्हणजे गुडघे कमरेच्या खाली राहतात आणि पाठ आपोआप उभी होते. समोर चौरंग, त्यावर डाळीचा डबा, डब्याला टेकवून मोबाइल. डब्याखाली ओलसर फडकं घातलं की तो घसरत नाही.

एका मोबाइलवर दोन भावंडं असतील तर बाजूला बसणाऱ्याची मान तासभर एकाच दिशेला वळलेली असते. दर तासिकेला जागा बदलाव्यात. केंद्र सरकारच्या ऑनलाइन वर्गांसाठीच्या 'प्रज्ञाता' सूचनांत पहिली ते आठवीला दिवसाला ३० ते ४५ मिनिटांची दोनच सत्रं होती. पण व्हॉट्सॲपवर आलेला गृहपाठ फोनवरून वहीत उतरवण्याचा वेळ कोणी धरलाच नाही, आणि मान सगळ्यात जास्त तेव्हाच वाकते. मोठ्यांनी वाचून दाखवावं, मुलाने लिहावं.

सुतार, गिरगाव
चाळीत भिंतीला दुमडतं टेबल छान बसतं. फळी ६० बाय ४० सेंमी पुरते. मुलाला बसवून, हात सैल सोडायला लावून कोपरापर्यंत मोजा; फळी त्याच्या दोनेक सेंमी वर. जुन्या चुन्याच्या भिंतीत गिट्टी (स्क्रूसाठी ठोकतात ती खुंटी) धरत नाही, मुलाने कोपरं टेकली की स्क्रू उपटून येतो. लाकडी खांबाला आडवी पट्टी मारून बिजागऱ्या तिच्यावर लावा.

अस्थिरोगतज्ज्ञ, ठाणे
मुलाला पालथं झोपवून छाती उचलायला सांगा. पोक सरळ झालं तर ती सवय आहे, व्यायामाने जाते. पोक तसंच राहिलं तर डॉक्टरांना दाखवून घ्या. उभ्याने पुढे वाकवल्यावर पाठीची एक बाजू उंच दिसली तर तो मणक्याचा बाक असू शकतो. तो बसण्यामुळे येत नाही आणि 'सरळ बस' म्हणून जातही नाही. रात्री झोपमोड करणारी पाठदुखी, हातापायाला मुंग्या : तपासणी लांबवू नका. पाठ ओढून धरणारे पट्टे कृपा करून परस्पर विकत आणू नका. पट्टा काढला की पोक परत येतं.

फिजिओथेरपिस्ट, दादर
डॉक्टरांच्या मुद्द्याला जोडून, व्यायाम : भिंतीला पाठ लावून हनुवटी सरळ मागे, ५ सेकंद, दहा वेळा. मुलं हनुवटी वर उचलतात, तिथे चुकतं. नजर समोरच हवी. दर अर्ध्या तासाने उठवा, पाण्याची बाटली मुद्दाम स्वयंपाकघरात ठेवा. आणि दर तीन महिन्यांनी गुडघ्याची उंची पुन्हा मोजा. मूल वाढेल तसे गठ्ठ्यातले चार पेपर काढत जायचे.